हुगळीच्या पात्रातून कलकत्ता

१७७४ सालच्या ऑक्टोबर महिन्यात, १९ तारखेला, कलकत्त्याच्या चांदपाल घाटावर तीन इंग्रज गृहस्थ होडीतून उतरले. क्लेव्हरिंग, मॉन्सन आणि फिलिप फ्रान्सिस ही त्यांची नावे. वॉरन हेस्टिंग्जच्या कारभारावर अंकुश ठेवण्यासाठी विलायतेहून नेमून आलेले हे कौन्सिलचे सभासद. किल्ल्यावरून सलामीच्या तोफा सुटू लागल्या तेव्हा ते त्या मोजत होते. अपेक्षा एकवीस तोफांची होती. सतरा झाल्या आणि तोफा थांबल्या. पुढे सहा वर्षे धुमसत राहून १७८० साली फ्रान्सिस आणि हेस्टिंग्ज यांच्या द्वंद्वयुद्धापर्यंत गेलेल्या वैराची पहिली ठिणगी या न उडालेल्या चार तोफांत होती, असे इतिहासकार सांगतात.

ही हकिगत कलकत्त्याच्या राजकीय इतिहासात नेहमी येते. परंतु तिच्यात शहराविषयीची एक गोष्ट दडलेली आहे, तिकडे सहसा लक्ष जात नाही. त्या काळी कलकत्त्यात येणे म्हणजे नदीतून येणे होते. शहराचा दरवाजा पाण्यावर होता, स्वागत पाण्यावर होत होते, अपमानही पाण्यावरच होत होता. आलेल्या माणसाने शहराकडे पहिली नजर टाकावयाची ती होडीच्या कठड्याला हात टेकून, आणि ती नजर ध्यानात घेऊनच शहराने आपले रूप घडविले होते.

जगातल्या काही शहरांना समोर एखादे बेट लाभलेले असते. टोरांटोसमोरची बेटे अशी आहेत. तेथे मोटारी चालत नाहीत. लोक फेरीबोटीने जातात आणि किनाऱ्यावर उभे राहून आपल्याच शहराची आभाळावर उमटलेली रेघ पाहतात. मराठी वाचकाला याचे जवळचे उदाहरण घारापुरीचे. अपोलो बंदरावरून सुटलेली लाँच तासाभराने तेथे लागते, बेटावर मोटारींची वर्दळ नाही, आणि परतीच्या वाटेवर मुंबई हळूहळू पाण्यातून वर येताना दिसते. कलकत्त्याला असे बेट नाही. तरीही १८७४ पर्यंत हुगळीचा पश्चिम तीर हा कलकत्तेकरांच्या दृष्टीने एक प्रकारचे बेटच होता. सुमारे अर्धा किलोमीटर रुंदीच्या, भरती-ओहोटीने दिवसातून दोनदा चढणाऱ्या-उतरणाऱ्या या पात्रावर पूल नव्हता. कलकत्त्याच्या रस्त्यांवरून ऐटीत धावणारी कोणतीही बग्गी शिवपूरच्या वनस्पती उद्यानापर्यंत आपल्या चाकांवर जाऊ शकत नव्हती. मनुष्य कितीही मोठा असो, त्याला घाटावर गाडीतून उतरावे लागे आणि नावाड्याच्या स्वाधीन व्हावे लागे. पलीकडे पोहोचून वळून पाहिले की जे दिसे, ते कलकत्ता.

समुद्राकडून येणाऱ्याला हे दर्शन टप्प्याटप्प्याने घडे. वाळूच्या दांड्यांमुळे मोठी जहाजे जपून चालत. पुष्कळ प्रवासी खालीच डायमंड हार्बरच्या बाजूला जहाज सोडून लहान होडीत किंवा बजऱ्यात बसत. दोन्ही तीरांवर कितीतरी वेळ झाडी, चिखल आणि झोपड्या. मग गार्डन रीचचे वळण. तेथे उजव्या हाताला एकामागून एक बंगले लागत. पांढरे खांब, पायऱ्या थेट पाण्यात उतरलेल्या, मागे बाग. सर विल्यम जोन्स यांचे निवासस्थान याच भागात होते. १७८० च्या मे महिन्यात आलेल्या इलायझा फे या बाईने आपल्या पत्रांत या काठाचे वर्णन मोठ्या हौसेने केले आहे. तिची ती पत्रे १८१७ साली खुद्द कलकत्त्यातच छापली गेली. वळण संपले की नदी उलगडे आणि फोर्ट विल्यमचे तट, त्यामागचे मोकळे मैदान व मैदानाच्या पलीकडे एस्प्लनेडवरील प्रासादांची रांग एकदम समोर येई. हे मैदान सौंदर्यासाठी राखलेले नव्हते. किल्ल्याच्या तोफांना मारा करण्यास आडोसा नको म्हणून गोविंदपूर गाव उठवून ते मोकळे केलेले होते. शहराची जी शोभा पुढे चित्रकारांनी रंगविली ती अशा लष्करी हिशेबातून निघाली.

चित्रकार आले तेही याच वाटेने. विल्यम हॉजिस १७८१ साली आला. टॉमस डॅनिएल आणि त्याचा पुतण्या विल्यम १७८६ साली आले, आणि १७८६ ते १७८८ या काळात त्यांनी कलकत्त्याची बारा दृश्ये ताम्रपटांवर कोरून, स्थानिक कारागीर हाताशी घेऊन छापली. नव्या साम्राज्याच्या राजधानीची ही पहिली मोठी चित्रमाला. तिच्यातील पांढऱ्या भिंती, लांबलचक सावल्या आणि पुढे रेंगाळणारी बैलगाडी पाहून विलायतेतल्या वाचकाला वाटे की पूर्वेकडे एक नवे रोम उभे राहिले आहे. बाल्थझार सोल्व्हिन्स हा बेल्जियन मात्र निराळ्या वृत्तीचा. १७९१ साली आल्यावर त्याने इमारतींपेक्षा माणसे न्याहाळली, आणि होड्यांना तर त्याने आपल्या चित्रसंग्रहात स्वतंत्र जागा दिली. पान्सी, बजरा, भाउलिया, मोरपंखी असे प्रकार त्याने जातवार चितारले. डॅनिएल काका-पुतण्यांनी शहर कसे दिसते ते सांगितले. ते ज्या लाकडी फळीवर बसून दिसते ती फळी सोल्व्हिन्सने दाखविली. दुसरे काम अधिक मोलाचे होते असे वाटते, कारण त्या होड्या आज उरलेल्या नाहीत.

ही झाली इंग्रजांची बाजू. या नदीच्या आणि शहराच्या कथेत मराठ्यांचेही एक प्रकरण आहे, आणि ते मराठी वाचकाने सावधपणे वाचावे असे आहे. १७४२ साली नागपूरकर रघुजी भोसल्यांचे सरदार भास्करराम कोल्हटकर बंगालवर चालून आले. त्यांच्या स्वारांना बंगालने बारगीर शब्दावरून ‘बर्गी’ म्हटले. त्यांच्या लुटालुटीची आठवण तेथील अंगाईगीतांपर्यंत शिरली, आणि गंगाराम कवीने ‘महाराष्ट्र पुराण’ या नावाने तिचे काव्य लिहिले. मराठे हुगळी शहरापर्यंत पोहोचल्यावर कलकत्त्याच्या रहिवाशांनी नवाब अलीवर्दीखानाची परवानगी घेऊन शहराभोवती खंदक खणावयास घेतला. सात मैलांचा बेत होता, सुमारे तीन मैल खणून झाला. मराठे कलकत्त्यावर आलेच नाहीत. खंदक अर्धवट राहिला. कलकत्तेकरांना मात्र ‘खंदकवाले’ अशा अर्थाचे एक टोपणनाव मिळाले, ते पुष्कळ दिवस टिकले. अठराव्या शतकाच्या अखेरीस खंदक बुजवून सर्क्युलर रोड केला गेला. बागबाजारात ‘मराठा डिच लेन’ ही गल्ली त्याची खूण म्हणून राहिली आहे.

या खंदकाचा आकार ध्यानात घेण्याजोगा आहे. तो उत्तर, पूर्व आणि दक्षिण अशा तीन बाजूंनी शहराला वेढणार होता. चौथी बाजू नदीची. भीती जमिनीवरून येणार आणि सुटका पाण्यावरून होणार, असे त्या आखणीत गृहीत होते. तेच चौदा वर्षांनी खरे ठरले, पण शत्रू निराळा होता. १७५६ च्या जूनमध्ये सिराजउद्दौलाची फौज शहरात शिरली तेव्हा त्या अपुऱ्या खंदकाने काहीच अडवले नाही. १९ जूनला गव्हर्नर ड्रेक किल्ल्याच्या नदीकडच्या बाजूने होडीत चढला आणि आपल्या माणसांना मागे टाकून जहाजावर गेला. पात्रात नांगरलेल्या जहाजांवरील मंडळींनी त्या वेळी वळून जे पाहिले, तेही कलकत्त्याचे नदीवरून घडलेले दर्शनच होते. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. पळून गेलेल्यांनी नदीच्या खालच्या अंगाला फलता येथे कित्येक महिने कुबट हवेत काढले, आणि १७५७ च्या जानेवारीत क्लाइव्ह व वॉटसन यांच्याबरोबर ते त्याच पाण्यावरून परत आले.

मराठ्यांचा या नदीशी दुसरा संबंध तलवारीचा नाही, छापखान्याचा आहे. कलकत्त्याच्या उत्तरेस सुमारे पंचवीस किलोमीटरवर, पश्चिम तीरावर, श्रीरामपूर हे गाव त्या वेळी डेन्मार्कच्या ताब्यात होते. विल्यम केरी आणि त्याचे सहकारी १८०० साली तेथे स्थिरावले आणि त्यांनी छापखाना घातला. त्याच वर्षी कलकत्त्यात कंपनीच्या नोकरांना देशी भाषा शिकविण्यासाठी फोर्ट विल्यम कॉलेज निघाले, आणि १८०१ पासून केरी तेथे शिकवू लागला. आधी बंगाली आणि संस्कृत, नंतर मराठी. आठवड्याचे काही दिवस कलकत्त्यात अध्यापन आणि उरलेले दिवस श्रीरामपुरास छपाईचे काम, असा त्याचा क्रम अनेक वर्षे चालला, आणि मधली वाट होडीची होती. भरतीबरोबर वर, ओहोटीबरोबर खाली. पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याने सिद्ध झालेले केरीचे मराठी व्याकरण १८०५ साली श्रीरामपुरास छापले गेले; १८१० साली मोडी अक्षरांचे खिळे वापरून त्याचा मराठी कोश निघाला; पुढे १८१४ साली ‘सिंहासन बत्तिशी’ आणि त्यानंतर ‘राजा प्रतापादित्याचे चरित्र’ व ‘रघुजी भोसल्यांची वंशावळी’ ही पुस्तके आली. ज्या घराण्याच्या स्वारांच्या धास्तीने कलकत्त्याने खंदक खणला, त्याच घराण्याची वंशावळ सत्तर-पंचाहत्तर वर्षांनी त्याच नदीच्या काठी छापून बाहेर पडावी, यातला विनोद इतिहासाने कोणाला समजावून सांगितला नाही. मराठी मुद्रित गद्याच्या अभ्यासकाला आपल्या भाषेचा आरंभीचा एक धागा शोधण्यासाठी पुण्यामुंबईच्या आधी या पाण्यावर यावे लागते, ही गोष्ट अभ्यासक्रमात एका ओळीत येते आणि विसरली जाते.

केरीला दुसरे वेड वनस्पतींचे होते, आणि त्यामुळे नदीच्या खालच्या अंगाचे ते ‘बेट’ही त्याच्याशी जोडले गेले. शिवपूरचे उद्यान १७८७ साली कर्नल रॉबर्ट किड याने कंपनीकरवी स्थापिले. १७९३ पासून विल्यम रॉक्सबरो त्याचा अधीक्षक होता. त्या उद्यानातील वनस्पतींची यादी ‘हॉर्टस बेंगालेन्सिस’ या नावाने १८१४ साली छापली गेली ती श्रीरामपुरास, केरीच्या देखरेखीखाली. कंपनीचा हेतू व्यापारी होता. जहाजांसाठी सागवान मिळावे, मसाल्याची झाडे रुजावीत, परदेशी रोपे येथे तग धरतात का ते पाहावे, असा. पण कलकत्त्याच्या माणसाने त्याला ‘कंपनी बागान’ म्हटले आणि सुट्टीच्या दिवशी होडी करून तेथे जाण्याची चाल पाडली. फराळाचे डबे, हार्मोनियम, मुलेबाळे घेऊन चांदपाल किंवा बाबूघाटावरून निघायचे, वडाखाली दिवस काढायचा आणि ऊन उतरल्यावर परतायचे. तो वड आज अडीचशे वर्षांहून अधिक वयाचा मानला जातो; त्याचे मूळ खोड बुरशी लागल्यामुळे १९२५ साली काढून टाकावे लागले, आणि पारंब्यांवर उभे असलेले ते झाड तेव्हापासून मधोमध पोकळी घेऊन पसरते आहे. उद्यानाला २००९ साली आचार्य जगदीशचंद्र बोस यांचे नाव देण्यात आले.

पाण्यापलीकडचे दृश्य सजविण्याची हौस कोठपर्यंत जाऊ शकते याची एक गोष्ट श्रीरामपूरची आहे. समोरच्या तीरावर बराकपूर येथे गव्हर्नर जनरलचे उपवन होते. लॉर्ड वेलस्ली तेथून नदीकडे पाहत बसे. श्रीरामपुरास डॅनिश लोक आपले सेंट ओलाव्ह चर्च बांधीत असता त्याने एक हजार रुपये दिले. आपल्या उपवनाला दूरवर दिसणाऱ्या एखाद्या मनोऱ्याचीच तेवढी उणीव होती, असे तो म्हणाल्याचे सांगतात. मनोरा १८०६ साली पुरा झाला. एका तीरावरील माणसाच्या दृष्टिसुखासाठी दुसऱ्या तीरावर, तेही परक्या राजाच्या हद्दीत, देऊळ उभे राहण्यास हातभार लागला! ते चर्च पुढे मोडकळीस आले होते. दुरुस्तीनंतर २०१६ साली त्या कामाला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. बराकपूर आणि श्रीरामपूर यांच्यामध्ये आजही लाँच चालते, आणि पात्राच्या मध्यावर आले की वेलस्लीने विकत घेतलेला तो मनोरा बरोबर समोर येतो.

साहेबांच्या चित्रांत येत नसलेले आणखी एक कलकत्ता उत्तरेकडे होते. आर्मेनियन घाट, मल्लिक घाट, निमतला, आहिरीटोला, शोभाबाजार, बागबाजार हे घाट बांधले ते व्यापाऱ्यांनी आणि जमीनदारांनी, बहुधा आईबापांच्या किंवा पतीच्या स्मरणार्थ. येथे पायरी होती ती स्नानाची, तर्पणाची, मूर्ती विसर्जनाची, मृताला शेवटचे पाणी पाजण्याची. नदीतून पाहिले असता दक्षिणेचे घाट स्वागतासाठी उभे होते आणि उत्तरेचे निरोपासाठी. रवींद्रनाथांचे अंत्यसंस्कार १९४१ च्या ऑगस्टमध्ये निमतल्यालाच झाले. या दोन कलकत्त्यांना जोडणारे एक कुटुंब म्हणजे जानबाजारचे दास. बाबू राजचंद्र दास यांनी १८३० साली साहेबी धाटणीचे खांब लावून बाबूघाट बांधला. त्यांच्या पत्नी राणी रासमणी यांनी १८५५ साली दक्षिणेश्वरचे कालीमंदिर उभारले. या बाईंची एक हकिगत बंगालमध्ये सर्वतोमुखी आहे. कंपनीने कोळ्यांच्या मासेमारीवर कर बसविला तेव्हा त्यांनी नदीचा एक पट्टा दहा हजार रुपयांना इजाऱ्याने घेतला आणि आपल्या हद्दीत लोखंडी साखळ्या ताणून जहाजांची वाट बंद केली. कर उठला तेव्हाच साखळ्या निघाल्या. या कथेतील तपशील लोकांच्या तोंडी फुलला असेलही; परंतु ती नदी कोणाची, हा प्रश्न त्या काळी एका विधवेने इतक्या रोकड्या भाषेत विचारला होता, एवढे लोकांनी विसरू दिले नाही.

नदीच्या दर्शनाची सर्वांत करुण बाजू गार्डन रीचच्या त्याच वळणावर आहे. १८२३ साली ‘डायना’ ही वाफेची बोट खिदिरपुरास पाण्यात उतरली. १८२५ च्या डिसेंबरात ‘एंटरप्राइज’ विलायतेहून येऊन पोहोचली. वाफेमुळे नदी आखूड झाली. आणि १८३४ पासून मॉरिशस, १८३८ पासून डेमेरारा, नंतर त्रिनिदाद, सुरिनाम, फिजी अशा दूरच्या उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजुरांची रवानगी याच घाटांवरून होऊ लागली. भोजपूर, अवध, छोटा नागपूर अशा मुलखांतली ही माणसे. त्यांच्यातल्या पुष्कळांनी समुद्र तर सोडाच, एवढी मोठी नदीही पूर्वी पाहिलेली नव्हती. ‘लाला रुख’ हे जहाज १८७३ च्या फेब्रुवारीत सुरिनामसाठी आणि ‘लिओनिडास’ १८७९ च्या मार्चमध्ये फिजीसाठी येथूनच निघाले. इलायझा फेला ज्या काठाने हर्ष झाला तोच काठ या लाखो माणसांना मायदेशाचा शेवटचा दिसला, आणि त्यांच्यापैकी पुष्कळांना तो पुन्हा दिसला नाही. त्यांच्यातल्या कोणी डॅनिएलप्रमाणे ताम्रपट कोरले नाहीत. खिदिरपूर येथे २०११ साली या मजुरांचे स्मारक झाले, आणि २०१५ साली गार्डन रीचच्या सुरिनाम घाटावर ‘माई-बाप’ या शिल्पाचे अनावरण झाले. गाठोडे घेऊन निघालेल्या एका जोडप्याची ती मूर्ती आहे.

जवळच मटियाबुर्ज. अवधचा पदच्युत नवाब वाजिद अली शाह १८५६ च्या मे महिन्यात बोटीतून येऊन बिचाली घाटावर उतरला आणि १८८७ साली मृत्यू येईपर्यंत तेथेच राहिला. गार्डन रीचचे साहेबी बंगले त्याच्या दरबाराने, गवयांनी आणि पशुपक्ष्यांनी भरून गेले. पलीकडच्या उद्यानातून पाहणाऱ्यास कंपनीच्या वैभवाच्या जागी आता लखनौची छाया दिसत असली पाहिजे. मटियाबुर्जावरून समोर नाझिरगंजला जाणारी लाँच आजही आहे. तिच्यातून शिंपीकामाची गाठोडी ये-जा करतात.

रेल्वेने नदीशी असलेले शहराचे नाते एकदम पालटले असे लिहिण्याची प्रथा आहे. वास्तविक पहिली वीस वर्षे उलटे घडले. १५ ऑगस्ट १८५४ रोजी ईस्ट इंडियन रेल्वेची पहिली गाडी हावड्याहून हुगळीस गेली. स्टेशन होते पश्चिम तीरावर, शहर पूर्वेला. तिकीटघर कलकत्त्याच्या बाजूस आर्मेनियन घाटावर ठेवलेले होते आणि तिकिटाच्या किमतीत नदी ओलांडण्याचे भाडे धरलेले होते. १८७० साली मुंबई आणि कलकत्ता लोहमार्गाने जोडली गेली. त्यानंतर मुंबईकर प्रवासी सारा हिंदुस्थान ओलांडून हावड्याला उतरत, आणि तेथे त्यांना गाडी सोडून नावेत बसावे लागे. म्हणजे समुद्राने न येता, कोरड्या जमिनीवरून आलेल्या माणसालाही कलकत्ता प्रथम पाण्यापलीकडेच दिसे.

१८७४ साली ब्रॅडफर्ड लेस्ली याने बांधलेला तरंगता पूल खुला झाला. लोखंडी तराफ्यांवर आधारलेला हा पूल १५२८ फूट लांबीचा होता. बांधकाम चालू असतानाच त्या वर्षीच्या मार्चमध्ये वादळात ‘इजेरिया’ नावाची आगबोट आदळून त्याचे काही तराफे बुडाले होते. जहाजांना वाट द्यायची म्हणजे मधला भाग सोडवून बाजूला सारावा लागे, आणि मग दोन्ही बाजूंना गाड्यांची रांग लागे. त्या वेळी पुन्हा होड्यांना दिवस येत. पूर्वेकडचा काठ तोवर माणसांच्या हातून निसटू लागला होता. १८१७ साली नेमलेल्या लॉटरी कमिटीच्या पैशांतून स्ट्रँड रोड बांधला गेला तो हवा खाण्यासाठी. पण १८७० साली पोर्ट ट्रस्ट स्थापन झाल्यावर त्या हवेच्या वाटेवर धक्के, गोदामे आणि मालगाड्यांचे रूळ आले. १८९२ साली खिदिरपूरची गोदी खुली झाली आणि मोठी जहाजे आत वळली, तरी गोदामे काठावरच राहिली. जेम्स प्रिन्सेपच्या स्मरणार्थ १८४३ साली उभारलेला देखणा घाट तर नदीने मागे सरकून कोरडाच ठेवला. ब्राह्मी लिपी वाचणाऱ्या माणसाचे स्मारक आता पाण्यापासून दूर, हिरवळीत उभे आहे.

नव्या हावडा पुलाची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. २६,५०० टन पोलाद, त्यातले बहुतांश टाटांचे. नटबोल्ट नाहीत, सर्व जोड रिबिटांचे. नदीपात्रात एकही खांब नाही. तो ३ फेब्रुवारी १९४३ रोजी वाहतुकीस खुला झाला तेव्हा युद्धाच्या भीतीने समारंभ केला गेला नाही, आणि त्याच वर्षी दुष्काळात भुकेलेली खेडी शहराकडे लोटली. १९६५ साली त्याला रवींद्र सेतू हे नाव मिळाले. १९९२ च्या ऑक्टोबरात दक्षिणेला विद्यासागर सेतू झाला. शहराचे रूप म्हणून आज जे चित्र सर्वत्र छापले जाते ते या पुलाचे आहे, आणि त्यात एक गंमत आहे. पुलावरून चालणाऱ्याला पूल दिसत नाही. तो पाहावयाचा तर खाली घाटावर उतरून लाँचचे तिकीट काढावे लागते.

ते तिकीट थोड्या रुपयांना मिळते. आगबोट कंपन्यांचे दिवस संपल्यावर ही वाहतूक सहकारी संस्थांनी आणि राज्य सरकारच्या परिवहन विभागाने चालविली. हावड्याहून बाबूघाट, चांदपाल, फेअरली, आर्मेनियन घाट, आहिरीटोला, शोभाबाजार, बागबाजार अशा वाऱ्या दिवसभर होतात. वर बेलूर आणि दक्षिणेश्वर यांच्यामध्ये भाविकांची ये-जा असते. १९३८ साली पूर्ण झालेले बेलूरचे रामकृष्ण मंदिर त्या लाँचमधून हळूहळू वळत जाताना दिसते. बंगालीत या तरीला ‘खेया’ म्हणतात, आणि रवींद्रनाथांनी १९०६ च्या एका कवितासंग्रहाला तेच नाव दिले. आपल्याकडच्या कृष्णा-गोदेच्या काठी ‘तर’ या शब्दाला जो अर्थभार आहे, तसाच त्याला आहे. मात्र या वाहतुकीकडे रम्य दृष्टीने पाहून भागत नाही. २०१७ च्या एप्रिलमध्ये भद्रेश्वरजवळ तेलिनीपाडा येथे बांबूचा धक्का भरतीच्या लाटेने कोसळला आणि लाँचची वाट पाहणारी माणसे बुडाली. काठावर बसून सूर्यास्त पाहणाऱ्यांसाठी मिलेनियम पार्कसारख्या बागा झाल्या. रोज कामाला जाणाऱ्यांच्या घाटांवर खर्च करताना हात आखडता राहिला, हे नोंदविले पाहिजे.

आता पात्राच्या मध्यावरून दिसते ते शहर डॅनिएलच्या चित्रातले नाही. १८७२ चे हायकोर्ट आणि १८६८ च्या मोठ्या टपालकचेरीचा घुमट नव्या कचेऱ्यांच्या मागे गेले आहेत. १८२८ चे ऑक्टरलोनी स्मारक, १९६९ पासूनचा शहीद मिनार, झाडांच्या फटीतून शोधावा लागतो. आणि चौरंगीवर २०१९ साली पुरी झालेली पासष्ट मजल्यांची इमारत सर्वांच्या डोक्यावरून पाहते. जुन्या किल्ल्याच्या जागी, टपालकचेरी आणि फेअरली प्लेसच्या परिसरात, जेथून ड्रेक होडीत चढला, तेथून नदी आता एका रुंद रस्त्याच्या आणि चक्राकार रेल्वेच्या पलीकडे आहे. चांदपाल घाटावर सलामी होत नाही. २००३ साली कलकत्ता उच्च न्यायालयाने शहराचा संस्थापक जॉब चार्नॉक नव्हे आणि २४ ऑगस्ट हा शहराचा जन्मदिवसही नव्हे असा निर्णय दिला; त्यामुळे १६९० साली सुतानुटीच्या घाटावर त्या दिवशी उतरलेल्या होडीचेही महत्त्व अधिकृतपणे कमी झाले आहे.

मार्च २०२४ पासून हावडा आणि एस्प्लनेड यांच्यामध्ये मेट्रो धावते. नदीच्या तळाखालचे ५२० मीटर अंतर ती सुमारे पंचेचाळीस सेकंदांत पार करते, आणि त्या वेळी बोगद्याच्या भिंतींवर निळे दिवे लावलेले असतात, नदी आली हे प्रवाशांना कळावे म्हणून. वर, फेअरलीच्या धक्क्यावर, ओहोटी लागली की तरंगता तराफा खाली जातो आणि त्यावर उतरणारा लोखंडी पूल एवढा तिरपा होतो की भाजीच्या टोपल्या घेतलेल्या बाया कठड्याला धरून, एकमेकींना सांभाळीत, लाँचच्या शिटीकडे कान देत उतरतात.